उबदार वेटसूट, पण हलका वेट बेल्ट

पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली उष्णता काढून घेते. २७ अंश सेल्सिअसची हवा सुखद वाटते, पण त्याच तापमानाच्या समुद्रात तासभर राहिलेला माणूस कुडकुडत वर येतो, तो यामुळेच. डायव्हरच्या अंगावरचा वेटसूट ही गळती मंद करतो. मात्र ज्या गुणामुळे तो ऊब देतो, त्याच गुणामुळे तो तरंगतो, आणि तरंगणारा सूट खाली नेण्यासाठी कमरेला शिसे बांधावे लागते. म्हणून थंडी वाजली की सरळ जाड सूट घेण्याची सवय महागात पडते. ऊब वाढवण्याच्या काही उपायांनी वजन मुळीच वाढत नाही, काहींनी थोडे वाढते आणि काहींनी फार. निवड याच क्रमाने करावी: आधी सुटात खेळणारे पाणी अडवावे, मग जिथे सर्वाधिक फायदा होतो तेवढ्याच जागी जाडी वाढवावी, आणि अख्खा सूट जाड करण्याकडे सगळ्यात शेवटी वळावे.

वेटसूट ज्याचा बनतो ते निओप्रीन हे कृत्रिम रबर. ड्यूपाँट या अमेरिकी कंपनीने ते १९३०च्या दशकात बाजारात आणले. सुटासाठी वापरतात तो त्याचा फेस, म्हणजे नायट्रोजनचे असंख्य बारीक, एकमेकांपासून बंद असलेले बुडबुडे भरलेले रबर. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५१-५२च्या सुमारास अशा सुटाची कल्पना पुढे आणली. डायव्हरचे अंग कोरडे राहण्याची गरज नाही, पोशाखाच्या द्रव्यातच वायू कोंडलेला असला की ओल्या अंगालाही ऊब मिळते, हे त्यांनी ओळखले. हा मुद्दा आजही अनेकांच्या लक्षात येत नाही. सूट आणि त्वचा यांच्यामधले पाणी तापून ऊब देते, असे बऱ्याच ठिकाणी शिकवले जाते. प्रत्यक्षात ऊब राखतात ते बुडबुडे. मधल्या पाण्याकडून अपेक्षा एवढीच की त्याने जागा सोडू नये.

आता वजनाचा हिशेब. प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ साधारण १.८ चौरस मीटर असते. डोके, हात आणि पावले वगळली तर पूर्ण सूट सुमारे दीड चौरस मीटर भाग झाकतो. म्हणजे जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे दीड लिटर निओप्रीन आले. या फेसाचे वजन लिटरला पाव किलोच्या आसपास आणि समुद्राच्या पाण्याचे एक किलोहून किंचित जास्त असल्याने प्रत्येक मिलिमीटर एक किलोपेक्षा थोडे अधिक प्लावक बल निर्माण करतो. ३ मिलिमीटरचा सूट सुमारे साडेतीन किलोने वर ओढतो, ५ मिलिमीटरचा पावणेसहा किलोने, ७ मिलिमीटरचा आठ किलोने. आकडे ढोबळ आहेत. बहुतेक सुटांचे हातपाय छाती-पाठीपेक्षा पातळ असतात आणि माणसांची अंगकाठी वेगवेगळी असते, तेव्हा प्रत्यक्षात आकडा यापेक्षा कमी भरू शकतो. पण पातळ सुटाऐवजी जाड सूट घालताना वेट बेल्टवर काय चढणार, याचा अंदाज त्यातून येतो.

पृष्ठभागावरची ओढ ही अर्धीच अडचण. बॉइलच्या नियमानुसार १० मीटर खोलीवर वायूचे आकारमान निम्मे होते, २० मीटरवर एक तृतीयांश आणि ३० मीटरवर एक चतुर्थांश. रबराचा स्वतःचा ताठपणा बुडबुड्यांना थोडा आधार देतो, तरी २०-३० मीटरवर सुटाची जाडी निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. ७ मिलिमीटरचा सूट घालून २० मीटरवर गेलेल्या डायव्हरचे चार-पाच किलो प्लावक बल वाटेतच नाहीसे झालेले असते, मात्र कमरेचे शिसे तेवढेच राहते. ती तूट बीसीडीत, म्हणजे तरंगणे सांभाळणाऱ्या हवेच्या जाकिटात, हवा भरून काढावी लागते. ही हवासुद्धा खोलीनुसार फुगते-आकसते, त्यामुळे वर येताना ती वेळीच सोडली नाही तर वेग हाताबाहेर जातो. शिवाय कमरेला शिसे आणि छातीशी हवा अशा अवस्थेत शरीर आडवे राहत नाही, पाय खाली लोंबतात, पाणी कापायला जोर लागतो आणि सिलिंडर लवकर संपतो. एवढे सोसूनही सर्वांत थंड पाण्यात, म्हणजे तळाशी, सूट सर्वांत पातळ झालेला असतो. जाडी वाढवून ऊब मिळवण्याची मर्यादा इथे दिसते.

पाणी अडवण्यासाठी मात्र एक ग्रॅमही शिसे लागत नाही. त्याचे मोल साध्या गणिताने कळते. १२ अंशांचे एक लिटर पाणी सुटात शिरले आणि अंगाने ते ३० अंशांपर्यंत तापवले, तर त्यात सुमारे ७५ किलोज्यूल उष्णता खर्च होते. विश्रांत अवस्थेतले शरीर साधारण १०० वॅट उष्णता निर्माण करते. म्हणजे ते लिटरभर पाणी तापवायला शरीराची बारा मिनिटांहून अधिक कमाई जाते. मान वळवताना किंवा हात पुढे करताना हे पाणी बाहेर पडून नवे आत आले की कमाई पुन्हा शून्यावर. ढिला ७ मिलिमीटरचा सूट घट्ट बसणाऱ्या ५ मिलिमीटरच्या सुटाहून थंड वाटतो तो यामुळेच, आणि त्यासाठी दोन-अडीच किलो शिसे फुकट वाहिले जाते.

म्हणून दुकानात सर्वाधिक वेळ सूट अंगावर चढवून पाहण्यात घालवावा. कोरड्या अंगाने सूट घालणे कष्टाचे असते. तो सहज चढला तर बहुधा मोठा आहे. चढवल्यावर आधी कमरेच्या मागचा खोलगट भाग पाहावा, कारण तयार मापाच्या सुटात तिथेच पोकळी राहते आणि पाण्याचे तळे साचते. त्यानंतर काखा, जांघ, गुडघ्यामागची लवण आणि मान. दोन्ही हात डोक्यावर नेऊन, मग उकिडवे बसून, आणि शेवटी हात मागे नेऊन सिलिंडरची झडप चाचपल्यासारखे करून पाहावे. अशा हालचालीत कापड अंगापासून सुटत असेल तर पाण्यात त्या जागी पंप चालणार. चिमटीत धरता येईल इतके सैल कापड कुठेच असू नये. दुसऱ्या बाजूला, खोल श्वास पूर्ण घेता आला पाहिजे, बोटांना मुंग्या येता कामा नयेत आणि गळपट्टीने मानेच्या रक्तवाहिन्या दाबल्या जाता कामा नयेत. मानेवरच्या अशा दाबाने हृदयाचे ठोके मंदावून भोवळ येऊ शकते, त्यामुळे घट्टपणाच्या नादात हे दुर्लक्षून चालत नाही. ज्यांची छाती आणि कंबर यांच्या मापात फार फरक आहे, किंवा ज्यांचे हातपाय तयार मापाहून बरेच लांब वा आखूड आहेत, त्यांनी मापाने शिवून घेतलेल्या सुटाचा खर्च करावा. शिसे न वाढवता ऊब विकत घेण्याचा त्याहून चांगला मार्ग क्वचितच सापडेल. बायकांनी पुरुषांच्या कापाच्या सुटात भागवून घेऊ नये. त्यात कमरेशी हमखास पाणी साचते.

शिवणही पाहावी. सपाट शिवणीत सुई दोन्ही बाजूंनी आरपार जाते आणि त्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपते. उष्ण पाण्यातल्या पातळ सुटाला ती पुरते. थंड पाण्यासाठी कडा आधी चिकटवून मग अर्ध्या जाडीतच टाका घातलेली शिवण हवी, आणि आतून पट्टी लावलेली असेल तर उत्तमच. झिप हे दुसरे मोठे भोक. साध्या झिपच्या आत रुंद निओप्रीनची जीभ असावी. मनगट, घोटे आणि मान इथे गुळगुळीत रबराची आत दुमडणारी सील असावीत, कारण कापडी अस्तर पाणी शोषून आत खेचते आणि उघडे रबर त्वचेला चिकटते. अशी सील आणि जवळजवळ पाणीबंद झिप असलेल्या सुटाला सेमी-ड्राय म्हणतात. नावावरून वाटते तसे त्यात अंग कोरडे राहत नाही. आत शिरलेले पाणी आतच राहते, इतकाच त्याचा अर्थ, आणि थंड पाण्यात तेवढे पुरेसे असते.

अस्तरांबद्दल जाहिराती फार बोलतात. लवदार अस्तर पाण्याला थोडे धरून ठेवते आणि बोटीवर लवकर कोरडे होते, तेव्हा त्याचा उपयोग आहे. अंगाची उष्णता परावर्तित करणाऱ्या धातूच्या थराचा दावा मात्र जपून घ्यावा. पाण्यात उष्णता मुख्यतः वहनाने आणि अभिसरणाने जाते, प्रारणाचा वाटा नगण्य असतो, म्हणून केवळ त्या थरासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. बाहेरची बाजू गुळगुळीत असली तर पाणी निथळून जाते आणि दोन डायव्हच्या मधल्या वेळात वाऱ्याने अंग गार पडत नाही. असा पृष्ठभाग खडकाला घासून पटकन फाटतो, हे त्याचे उणे.

पाणी अडले की मग जाडी कुठे वाढवायची ते पाहावे. पहिला मान डोक्याचा. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते ही समजूत खरी नाही, कारण डोक्याचा वाटा त्वचेच्या एक दशांशाहूनही कमी आहे. पण थंडीत हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात तशा टाळूच्या आकसत नाहीत, त्यामुळे उघड्या डोक्यातून गळती चालूच राहते. ५ मिलिमीटरचा हूड जेमतेम अर्धा किलो प्लावक बल वाढवतो आणि मानेमागून शिरणारे पाणीही रोखतो. त्याहून फायद्याचा हूडेड व्हेस्ट, म्हणजे हूड जोडलेली बिनबाह्यांची बनियन, जी सुटाच्या आत घालतात. ५ मिलिमीटरचा सूट आणि ३ मिलिमीटरचा हूडेड व्हेस्ट मिळून वरच्या हिशेबाने सव्वासात किलोच्या आसपास ओढ होते. ७ मिलिमीटरचा सूट आणि वेगळा हूड मिळून ती साडेआठ किलोपर्यंत जाते. पहिल्या जोडीत धडावर ८ मिलिमीटर जाडी मिळते, खांदे-गुडघे मोकळे राहतात आणि पाणी कोमट असेल त्या दिवशी व्हेस्ट घरी ठेवता येतो. धड गार पडू लागले की शरीर बोटांकडचे रक्त काढून घेते, त्यामुळे हात गारठण्यावरही पहिला इलाज धडावरच करावा लागतो. हातमोजे त्यानंतर. बूट फार जाड घेतले तर पाय वर उचलले जातात आणि तोल बिघडतो.

निओप्रीनचा दर्जाही तपासावा. अलीकडचे अतिलवचिक सूट सहज चढतात, पण त्यांच्या फेसात वायू जास्त आणि रबर मऊ असल्याने ते खोलीवर अधिक दबतात. घट्ट फेसाचा सूट पृष्ठभागावर कमी तरंगतो आणि तळाशी जाडी बऱ्यापैकी राखतो. तो अंगाला कडक वाटतो आणि घालायला त्रास देतो, तरी २० मीटरखाली वारंवार जाणाऱ्याने तोच घ्यावा. दुकानात याची परीक्षा सोपी आहे. एकाच मापाचे आणि एकाच जाडीचे दोन सूट हातात घेऊन पाहिले तर जड असेल त्यात वायू कमी असतो, आणि चिमटीत दाबल्यावर तो कमी दबतो. फ्रीडायव्हरांची गरज याहून वेगळी. ते श्वास रोखून बुडी मारतात आणि बीसीडी वापरत नाहीत, म्हणून त्यांचे सूट दोन भागांचे, आतून बिनअस्तराचे आणि त्वचेला चिकटणारे असतात. पाण्याला जागाच नसल्याने कमी जाडीत पुष्कळ ऊब मिळते. मात्र असा सूट साबणाचे पाणी लावून अलगद चढवावा लागतो आणि नख लागले तर फाटतो. उथळ पाण्यात, निगुतीने वापरणाऱ्या स्कूबा डायव्हरलाही तो चांगली साथ देतो.

वापरून जुना झालेला सूट कमी शिशात बुडतो याचा काहींना आनंद होतो. तो फसवा आहे. वारंवारच्या दाबाने बुडबुडे फुटलेले किंवा कायमचे चपटे झालेले असतात, आणि जितके प्लावक बल गेले तितकी ऊबही गेलेली असते. भाड्याच्या सुटांबाबत हे विशेष ध्यानात ठेवावे.

बुडबुड्यांवर अवलंबून नसलेले कपडेही मिळतात. ऑस्ट्रेलियाचा शार्कस्किन चिलप्रूफ किंवा ब्रिटनच्या फोर्थ एलिमेंटचा थर्मोक्लाइन हे थर लवदार आणि ताणणाऱ्या कापडाचे असतात. ते ना तरंगतात ना बुडतात, आणि खोलीवर दबत नाहीत. त्यांची ऊब २ ते ३ मिलिमीटर निओप्रीनइतकी असल्याचे उत्पादक सांगतात. १५ अंशांच्या पाण्यात एकट्या त्यांच्यावर विसंबता येणार नाही, पण ३ किंवा ५ मिलिमीटरच्या सुटाखाली ते घातले तर बेल्टवर काहीच चढत नाही. मात्र मूळ सुटात तेवढी जागा हवी, नाहीतर श्वास कोंडतो. बॅटरीवर तापणारे व्हेस्टही प्लावक बल न वाढवता ऊब देतात. त्यांचा वापर विचारपूर्वक करावा. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग विभागाने २००७ मध्ये मांडलेल्या चाचण्यांत दिसले की तळाशी उबदार आणि वर येताना थंड राहिलेल्या डायव्हरांना डीकम्प्रेशन आजाराचा, म्हणजे वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे होण्याचा, धोका वाढतो. बॅटरी तळाशीच संपली तर नेमकी हीच स्थिती ओढवते.

कोणत्या पाण्याला किती, याचा आधार म्हणून युरोपीय मानक ईएन १४२२५-१ उपयोगी आहे. त्यात वेटसुटांचे ए ते डी असे चार वर्ग आहेत: ए ७ ते १२ अंशांसाठी, बी १० ते १८, सी १६ ते २४ आणि डी २२ अंशांपुढे. कोकणात तारकर्ली-मालवणला, कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाजवळ किंवा अंदमानात हंगामात पाणी साधारण २६ ते २९ अंश असते. तिथे नीट बसणारा ३ मिलिमीटरचा सूट पुरतो. दिवसातून तीन-चार डायव्ह करणाऱ्याला किंवा बारीक अंगाच्या माणसाला तिसऱ्या डायव्हला थंडी वाजली, तर ५ मिलिमीटरकडे न वळता पातळ हूडेड व्हेस्ट किंवा वर सांगितलेला न तरंगणारा थर जोडावा. उथळ पाण्यात लाट वर-खाली हेलकावते, तिथे अनावश्यक शिसे आणि हवा यांचा त्रास खोल पाण्याहून जास्त जाणवतो.

कॅलिफोर्नियातल्या माँटेरे उपसागराचे गणित निराळे. सॅन होजेसारख्या मराठी वस्तीच्या शहरांतून गाडीने दोन तासांच्या आत तिथे पोचता येते. केल्प या समुद्री शेवाळाच्या जंगलांसाठी तो प्रसिद्ध आहे आणि पाणी बहुधा १० ते १५ अंश. वसंतात वाऱ्यामुळे खोलातले थंड पाणी वर येते, म्हणून एप्रिल-मेचे ऊन पाहून पातळ सूट नेणारा फसतो. तुलनेने कोमट पाणी मिळते ते शरद ऋतूत. तिथली जुनी रीत म्हणजे ७ मिलिमीटरची फार्मर जॉन पद्धतीची विजार-बंडी आणि वरून ७ मिलिमीटरचे जॅकेट. धडावर १४ मिलिमीटर होतात, पण पूर्ण सुटाच्या आठ किलोंवर आणखी तीन किलो चढतात आणि दोन तुकड्यांच्या सांध्यातून पाणी खेळत राहते. त्याऐवजी अंगाला नेमका बसणारा ७ मिलिमीटरचा सेमी-ड्राय, हूड आणि आत न तरंगणारा पातळ थर हा संच सरस. दिवसाला दोनहून अधिक डायव्ह, किंवा १० अंशांखालचे पाणी असेल तर अंग कोरडे ठेवणारा ड्रायसूट घ्यावा. त्यातही आतल्या कपड्यांत हवा असतेच, तेव्हा शिसे कमी लागेल ही अपेक्षा ठेवू नये. पण खोलीवर हवा भरून त्या थराची जाडी राखता येते, जे वेटसुटात शक्य नसते.

सूट ठरला की त्याचे खरे प्लावक बल मोजावे. भिजवलेला सूट पोहण्याच्या तलावात नेऊन आतली हवा पिळून काढावी, जाळीच्या पिशवीत गुंडाळावा आणि तो जेमतेम बुडेपर्यंत पिशवीत वेट्स टाकत जावे. दोन सुटांत निवड करायची असेल तर जाहिरातीतल्या कोणत्याही आकड्यापेक्षा हे मोजमाप विश्वासाचे. गोड्या पाण्यातून समुद्रात जाताना साहित्यासह ९० किलोंच्या माणसाला आणखी सव्वादोन किलो लागतात, तेवढी भर धरावी. सिलिंडरही हिशेबात घ्यावा. नेहमीचा ११ लिटरचा ॲल्युमिनियम सिलिंडर रिकामा होत आला की दीड-दोन किलोने तरंगू लागतो आणि ते शिसे सुरुवातीपासून बाळगावे लागते. पोलादी सिलिंडर घेतला तर बेल्टवरचे तेवढे वजन उतरते आणि सुटाच्या उबेला हात लागत नाही. फक्त पातळ सुटावर जड पोलाद घेऊ नये, कारण बीसीडी फाटला तर बेल्ट टाकूनही वर येता आले पाहिजे.

अखेरची तपासणी पाण्यात, डायव्हच्या शेवटी करावी. सिलिंडरमध्ये ५० बार उरलेले, खोली ५ मीटर, बीसीडी पूर्ण रिकामा, श्वास संथ. या स्थितीत डायव्हर जागेवर स्थिर राहिला तर शिसे बरोबर. खाली जाऊ लागला तर पुढच्या वेळी एकेक किलो कमी करावा. नवा सूट पहिल्या काही डायव्हमध्ये थोडा दबतो, म्हणून ही तपासणी तेव्हा एकदा, आणि पुढे दर हंगामाच्या आरंभी पुन्हा करावी. सूट गोड्या पाण्याने धुऊन सावलीत, रुंद खांद्याच्या हँगरवर वाळवावा. घडी घालून किंवा जड वस्तूखाली ठेवलेल्या सुटाचे बुडबुडे घडीच्या जागी कायमचे दबतात, आणि पुढच्या डायव्हला गारवा नेमका त्याच जागी जाणवतो.